न वटवलेली तिकिटं

एखाद्या गोष्टीचं माणसाला निखळ कौतुक वाटलं, की लगेच कुणीतरी चष्मा सावरत पुढे येतो आणि विचारतो, "ते ठीक आहे हो, पण यातून शिकायचं काय?" हा प्रश्न विचारणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. आज तो एका घोड्याच्या निमित्ताने काढणार आहे. ज्यांना शर्यतींत काडीचाही रस नाही त्यांनीही वाचावं ही विनंती, कारण हा रोग रेसकोर्सच्या कुंपणाबाहेरही भरपूर पसरलेला आहे.

घोड्याचं नाव सेक्रेटरिएट. होय, सचिवालय! सरकारी कारकुनाने नेमक्या याच घोड्यावर लिहावं यात ज्यांना विनोद दिसतो त्यांनी खुशाल हसून घ्यावं. ३० मार्च १९७० ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात हे शिंगरू जन्मलं. तांबूस लाल रंग, कपाळावर पांढरा टिळा, तीन पाय पांढरे. नोंदणीसाठी पाठवलेली नावं एकामागून एक नामंजूर होऊन परत आली. शेवटी फार्मच्या सेक्रेटरी एलिझाबेथ हॅम यांनी सुचवलेलं हे नाव मंजूर झालं. म्हणजे हे प्रसिद्ध नाव एका कार्यालयीन बाईंनी, अर्ज फेटाळला तरी न कंटाळता मिळवलेलं आहे. माझ्या जातकुळीतल्या माणसाला याचा किती आनंद झाला असेल, सांगायला नको.

१९७३ साली, वयाच्या तिसऱ्या वर्षी, त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकल्या. या तिघींना मिळून अमेरिकेत 'ट्रिपल क्राऊन' म्हणतात. त्याआधी तो मान १९४८ साली सायटेशन नावाच्या घोड्याला मिळाला होता, म्हणजे मधे पंचवीस वर्षं गेली होती. तिन्ही शर्यतींतली सर्वांत जलद वेळ आजही सेक्रेटरिएटच्याच नावावर आहे. ४ ऑक्टोबर १९८९ ला तो गेला. तरी केंटकीत पॅरिस नावाच्या गावाजवळ क्लेबोर्न फार्मवर लोक अजून त्याच्या कबरीपाशी जाऊन उभे राहतात. त्यातल्या कित्येकांचा जन्म १९७३ नंतरचा. माझाही नंतरचाच. तरीसुद्धा बेलमाँटच्या शर्यतीची ती अडीच मिनिटांची चित्रफीत मी किती वेळा पाहिली याची मोजदाद ठेवलेली नाही.

आता रागाचं कारण. मध्यंतरी आम्हा कर्मचाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण वर्ग झाला. व्याख्याते बाहेरून आलेले, टाय वगैरे लावून. पडद्यावर एकदम माझा घोडा! मी खुर्चीत सावरून बसलो. व्याख्याते म्हणाले, "हा घोडा सर्वांच्या पुढे गेला होता, तरी थांबला नाही. तुम्हीही टार्गेट पूर्ण झालं म्हणून थांबू नका." पुढच्या चित्रात फायलींच्या निकालाचा आलेख. झालं! एका वाक्यात त्यांनी त्या जनावराला आमच्या हजेरीपटावर आणून बसवलं. सभागृहात टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

माझा आक्षेप असा, की त्या घोड्याचं धावणं कुठल्याही टार्गेटसाठी नव्हतं, आणि लोकांनी त्याच्यावर केलेलं प्रेमही कुठल्या फायद्यासाठी नाही. या दोन्ही गोष्टी ज्याला कळल्या नाहीत त्याने सेक्रेटरिएटचं नाव घेऊ नये.

९ जून १९७३ ला न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर काय झालं ते नीट सांगतो. अंतर दीड मैल. घोडे पाचच. बाकीच्यांनी आधीच हाय खाल्ली होती. एकटा 'शॅम' नावाचा घोडा काय तो तोलामोलाचा. डर्बीत आणि प्रीकनेसमध्ये तो दोन्हीदा अडीच लांबीने दुसरा आला होता. (लांबी म्हणजे घोड्याच्या एका देहाएवढं अंतर.) सुटल्यासुटल्या सेक्रेटरिएट आणि शॅम एकमेकांना भिडून असे काही उधळले, की जाणकारांच्या पोटात गोळा आला. पहिले सहा फर्लांग एक मिनिट नऊ आणि चार पंचमांश सेकंदांत! दीड मैलाच्या शर्यतीत असं कुणी धावत नाही. अशी सुरुवात करणारा घोडा पुढे दमून बसतो, हे शर्यतीतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि एक घोडा दमलाच. शॅम मागे पडत पडत अखेर पाचांत पाचवा आला.

दुसरा मात्र वेग कमी करेना. सात लांबी, मग पंधरा, मग वीस. जॉकी रॉन टर्कॉटने चाबूक उगारला नाही. त्याचं काम एवढंच उरलं होतं, की तोल सांभाळायचा आणि या प्राण्याच्या आड यायचं नाही. शेवटी तर टर्कॉट मान वळवून मैदानातल्या घड्याळाकडे बघतो आहे, कारण बघण्यासारखा दुसरा घोडाच जवळपास नाही! तो क्षण छायाचित्रात पकडला गेला आहे. अंतर एकतीस लांबी, वेळ दोन मिनिटं चोवीस सेकंद. आधीचा बेलमाँटचा विक्रम 'गॅलंट मॅन'चा, १९५७ सालचा, दोन मिनिटं सव्वीस आणि तीन पंचमांश सेकंदांचा. शर्यतीत विक्रम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने मोडतात. इथे तो अडीच सेकंदांहून जास्त फरकाने मोडला. त्यानंतर दीड मैलाची बेलमाँट सर्वांत जलद जिंकली ती १९८९ साली 'ईझी गोअर'ने, आणि तोही दोन सेकंद मागे राहिला.

यातली शेवटची पंचवीस-तीस लांबी कुणासाठी होती, सांगा बघू. बक्षीस एका लांबीने जिंकलं तरी तेवढंच मिळतं. नाकाच्या शेंड्याने जिंकलं तरी तेवढंच. मालकिणीला नको होती, ट्रेनरला नको होती, जॉकीने मागितली नव्हती. तीस लांबींचा एक पैसाही कुणाला मिळाला नाही. आणि लोक पन्नास वर्षं वेडे झालेत ते नेमके त्या तीस लांबींवर! टार्गेट पूर्ण करणाऱ्यांची जगात कमी नाही. त्यांना वेतनवाढ मिळते, कबरीवर फुलं पडत नाहीत.

"अहो, पण तो सगळा जुगार!" असं म्हणणारे एक वेगळेच. आमच्याकडे हे फार. घोडा म्हटलं की पाठोपाठ मटका, सट्टा, बुडालेली घरं. ती घरं बुडतात हे खोटं नाही. पण या गृहस्थांसाठी माझ्याजवळ एक आकडा आहे, तो लिहून ठेवा: ५,६१७. त्या दिवशी सेक्रेटरिएटवर लावलेली आणि जिंकलेली एवढी तिकिटं कुणी कधी वटवलीच नाहीत. तो जिंकणार हे इतकं उघड होतं, की दोन डॉलर लावले तर परत मिळणार दोन डॉलर वीस सेंट. कुणी म्हणेल, वीस सेंटांसाठी रांगेत कोण उभं राहणार? पण हिशेब नीट करा. तिकीट न वटवणं म्हणजे नुसते वीस सेंट सोडणं नव्हे, लावलेले दोन डॉलरही सोडणं. काही तिकिटं हरवली असतील, काही चुकून फाडली गेली असतील, मान्य. पण पाच हजारांहून जास्त माणसांची एकाच दिवशी विसराळूपणाची साथ आली असं मला तरी पटत नाही. लोकांनी ती घडी घालून पाकिटात ठेवली. तो कागद पैशापेक्षा मोलाचा आहे हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. जुगाऱ्याने जिंकलेला पैसा खिडकीवर सोडून जावं, हे जुगाराच्या कुठल्या व्याख्येत बसतं?

यानंतर येतात शास्त्रीय कारणं देणारे. ते सांगतात, त्याचं काळीजच मोठं होतं. खरंच मोठं होतं. मृत्यूनंतर ज्या पशुवैद्यांनी तपासणी केली त्या डॉ. थॉमस स्वेर्झेक यांनी ते सुमारे बावीस पौंडांचं असावं असा अंदाज दिला. साधारण घोड्याचं याच्या निम्म्याहून कमी. पण हे काळीज वजनकाट्यावर ठेवलंच गेलं नव्हतं, हे कौतुकाने सांगणारे सांगत नाहीत. काट्यावर ठेवलेलं काळीज दुसऱ्याच एकाचं आहे. १९९३ साली शॅम गेला तेव्हा त्याचं काळीज अठरा पौंड भरलं. म्हणजे जो पाचांत पाचवा आला, ज्याची नंतर पुन्हा शर्यत झालीच नाही, त्याचंही काळीज साध्या घोड्याच्या दुप्पट! मोठ्या काळजाने सगळं होत असतं तर शॅमचेही पुतळे दिसले असते.

घराण्याचं कारण देणारे तर आमच्या समाजात घरोघर आहेत. बाप बोल्ड रूलर, आई समथिंगरॉयल, मग मुलगा असाच होणार! पण याच आईबापांची, एक वर्षाने मोठी, एक बहीण होती. सेक्रेटरिएटच्या मालकीण पेनी चेनरी आणि बोल्ड रूलर ज्यांच्या घरचा ते ऑग्डन फिप्स यांच्यात शिंगरांच्या वाटपासाठी १९६९ साली नाणेफेक झाली होती. फिप्स जिंकले आणि त्यांनी ती मोठी बहीण, 'द ब्राइड', निवडली. हरलेल्या चेनरींच्या वाट्याला आलं ते तेव्हा अजून आईच्या पोटात असलेलं शिंगरू. द ब्राइड एकही शर्यत जिंकली नाही. तेच रक्त, तीच कूस. आता सांगा घराण्याची थोरवी! रक्ताला काही अर्थ नाही असं मी म्हणत नाही. सेक्रेटरिएटच्या लेकींच्या वंशात पुढे मोठमोठे घोडे निघाले. पण बेलमाँटवरच्या त्या दुपारी जे झालं ते वंशावळीच्या कागदावर आधी कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि पुढेही कुणाला तसंच्या तसं उतरवून काढता आलं नाही.

अजेयतेच्या गोष्टी सांगणाऱ्यांनाही एक आठवण करून देतो. हा घोडा हरलेला आहे. एकवीस शर्यतींत सोळा वेळा पहिला, तीनदा दुसरा, एकदा तिसरा आणि ४ जुलै १९७२ च्या पहिल्याच शर्यतीत चौथा. बेलमाँटच्या त्या अद्भुत धावेनंतर दोन महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, साराटोगाला त्याला हरवलं कुणी? 'ओनियन' नावाच्या घोड्याने. कांद्याने! सप्टेंबरात 'प्रूव्ह आऊट'ने पुन्हा हरवलं. टाय लावलेले व्याख्याते हे कधीच पडद्यावर दाखवत नाहीत, कारण हरणारा घोडा त्यांच्या आलेखात बसत नाही. प्रेम करणाऱ्यांना मात्र या हरण्याने काही फरक पडला नाही. ते ओनियनची गोष्ट हसत हसत सांगतात. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याची फजिती आपल्याला पाठ असतेच की.

२०१० साली या घोड्यावर चित्रपट आला. त्यात गोष्ट मुख्यतः मालकिणीची झाली. पेनी चेनरी बाई खंबीर होत्या, बापाचा डुबत चाललेला फार्म त्यांनी सावरला, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण मला विचाराल तर त्या घोड्याशेजारी पहिलं नाव लिहायला हवं ते एडी स्वेटचं. एडी त्याचा मोतद्दार. दक्षिण कॅरोलायनातल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबातला माणूस. खरारा त्याने केला, खूर त्याने धुतले, पायांना पट्ट्या त्याने बांधल्या, तासन्‌तास बोलत राहिला तो त्या घोड्याशी. सेक्रेटरिएट निवृत्त झाला तेव्हा त्याला केंटकीला सोडायलाही तोच गेला, आणि सोडून परत आला. घोड्याच्या वंशावर लोकांनी लाखो कमावले. एडी १९९८ साली गेला तेव्हा गाठीला फारसं काही नव्हतं. ज्याचं नाव टिपणीवर येत नाही अशा माणसाचं काम काय असतं हे कारकुनाला कुणी शिकवायला नको. समाधान एवढंच, की २००४ साली केंटकी हॉर्स पार्कमध्ये जो पुतळा बसवला गेला त्यात पाठीवर टर्कॉट आहे आणि लगाम धरून चालणारा एडी आहे. व्यवस्थेने नसेल, पण आठवणीने त्याला घोड्याच्या शेजारी जागा दिली.

आता एक आक्षेप असा आहे, की तो मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. घोड्याने धावायचं ठरवलं नव्हतं. माणसाने त्याला जन्माला घातलं, लगाम चढवला, पळवलं. मग कौतुक कसलं करता? हा प्रश्न मला झोंबतो. आमच्या गोव्यात धीरयोतल्या बैलांची नावं मायेने घेणारे जुने लोक अजून भेटतात. १९९६ साली न्यायालयाने धीरयोवर बंदी घातली ती योग्यच होती असं मी त्यांच्या तोंडावर म्हणतो. मग शर्यतीच्या घोड्याबद्दल वेगळा न्याय का लावू?

लावत नाही. सेक्रेटरिएटच्याच बाबतीत बघा. तिसरं वर्ष सुरू होतं न होतं तोच, फेब्रुवारी १९७३ मध्ये, त्याच्या वंशाचे हक्क बत्तीस हिश्श्यांत साठ लाख ऐंशी हजार डॉलरना विकले गेले. अट अशी, की वर्षाअखेर तो धावणं थांबवेल. म्हणजे डर्बीच्याही आधी त्याचा शेवट कागदावर ठरला होता. २८ ऑक्टोबर १९७३ ला टोरोंटोजवळ वुडबाइनला तो साडेसहा लांबींनी जिंकला आणि संपलं. चौथ्या वर्षी तो कसा धावला असता हे बघायची लोकांची इच्छा होती. बाजाराची नव्हती. निदान हा जगला तरी. जुलै १९७५ मध्ये त्याच बेलमाँटवर 'रफियन' नावाच्या अपराजित घोडीचा धावताना पाय मोडला आणि ती गेली. २०१९ साली कॅलिफोर्नियात सांता अनिता रेसकोर्सवर एकामागून एक घोडे मरत गेले, तेव्हा साऱ्या देशात ओरड झाली. २०२० मध्ये घोड्यांची सुरक्षितता आणि उत्तेजकांवरचं नियंत्रण यासाठी अमेरिकेत केंद्रीय कायदा झाला. तो आधी व्हायला हवा होता.

पण हे सगळं सांगून मला कौतुक मागे घ्यायचं नाही. उलट ज्याने बेलमाँटची ती धाव डोळे भरून पाहिली त्यालाच रफियनच्या मरणाची चीड सर्वांत जास्त यायला हवी. ज्याला घोडा म्हणजे नुसता तिकिटावरचा नंबर, त्याला एक मेला काय, दहा मेले काय! चाबकाविना जो असा धावला, त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी बाकीच्या घोड्यांसाठी आवाज उठवला नाही तर ते प्रेम अर्धं. कौतुकावर हे एकच ओझं टाकायला माझी तयारी आहे. कार्यक्षमतेचं नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती माझी सगळ्यांत लाडकी. १९७३ च्या प्रीकनेसमध्ये मैदानावरचं घड्याळ बिघडलं होतं. त्याने दाखवली एक मिनिट पंचावन्न सेकंद. मैदानाच्या वेळ-मोजणाऱ्याने हाताने मोजली होती एक चोपन्न आणि दोन पंचमांश, ती अधिकृत ठरली. 'डेली रेसिंग फॉर्म' या वृत्तपत्राच्या माणसांनी त्याहून एक सेकंद कमी मोजली होती, पण नोंद बदलली नाही आणि विक्रम हुकला. लोक गप्प बसले नाहीत. वर्षानुवर्षं वाद चालू राहिला. शेवटी पेनी चेनरींच्या विनंतीवरून मेरीलँडच्या रेसिंग कमिशनने २०१२ साली जुन्या चित्रफिती नव्या तंत्राने तपासून घेतल्या आणि नोंद दुरुस्त केली: एक मिनिट त्रेपन्न सेकंद. विक्रम! शर्यतीला एकोणचाळीस वर्षं झालेली, घोड्याला जाऊन तेवीस. बक्षिसात एका सेंटाची भर पडली नाही. डाव लावणाऱ्या कुणाला काही मिळालं नाही. फक्त जे झालं होतं ते कागदावर खरं लिहिलं गेलं. नोंदवहीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, याहून मोठी आदरांजली कुठली असते?

२०१७ साली पेनी चेनरी गेल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये रॉन टर्कॉटही गेले. १९७८ साली त्याच बेलमाँटवर घोड्यावरून पडून ते कायमचे चाकाच्या खुर्चीत बसले होते, तरी सेक्रेटरिएटबद्दल विचारलं की सांगायला तयार असत. आता त्या कहाणीतली माणसं जवळजवळ संपली. उरले आहेत ते आपल्यासारखे, ज्यांना त्या घोड्यापासून ना कधी काही मिळालं, ना मिळणार आहे. त्याला सांभाळायचा हक्क आता आपलाच.

तेव्हा यशाचे कानमंत्र देणाऱ्या सर्व सज्जनांना माझं एवढंच सांगणं आहे. तुम्हाला आलेख चढवायचे असतील तर जरूर चढवा. चित्राला बैल घ्या, मुंगी घ्या, मधमाशी घ्या. त्या बिचाऱ्यांना या नोकरीची सवय आहे. सेक्रेटरिएटला सोडा. आणि वाचकहो, तुमच्या मनात असा एखादा घोडा असेल, एखादी तान असेल, क्रिकेटमधला एखादा फटका असेल, आणि कुणी विचारलंच की यातून शिकायचं काय, तर सरळ सांगा, "काही नाही." तिकीट पाकिटातच राहू द्या. वटवू नका.